पादऱ्याच्या मळ्यातली सावड

पारावर रोज एकजण विचारतो, "महादूआण्णा, मळ्यात काय बघितलंत?" दर वेळी नव्यानं सांगायला मी काही रेडिओ नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत जायच्या आधी बापानं शेरडांमागं घातलं. शुद्धलेखन कुणी तपासू नये. जे बघितलं ते बराबर लिहिलं आहे.

आधी मी गेलो कशाला ते सांगतो. गणपत आणि मी चाळीस वर्षांचे सावडी. हल्लीच्या पोरांना सावड माहीत नाही. माझ्याकडं एक बैल, त्याच्याकडं एक. एका बैलावर पेरायची तिफण चालत नाही. म्हणून दोघांचे बैल एका जुवाखाली धरायचे. आज माझं रान, उद्या त्याचं. कागद नाही, सही नाही. गावात आता सगळी पेरणी ट्रॅक्टरवर होते, बैलावर पेरणारे आम्ही दोघंच उरलो. लोक हसतात. हसू द्या.

दिवाळीच्या आधी गणपतची बायको शेवंता गेली. दुखणं आठ दिवसांचंच. मग पौषात कुणाच्या तरी ओळखीनं गणपत औंढ्याकडच्या एका माळावर गेला. तिथं ख्रिस्ती साधूंचं जुनं घर आहे. त्याच्या आवाराभोवतीची दगडी पौळ ढासळली होती आणि गणपतचा हात दगडावर चांगला बसतो. चार दिवसांत येतो म्हणाला. मध्ये दोनदा येऊन घर झाडून गेला, पण राहिला नाही. जेठ महिना लागला. मृग तोंडावर आला. त्याचा हरण्या बैल माझ्या गोठ्यात, बी माझ्या घरात, आणि मालक पादऱ्याच्या मळ्यात.

गावात कुणी म्हणालं, बाटला. कुणी म्हणालं, येडा झाला. मला ह्या दोन्हीचं काही वाटलं नाही. मला राग ह्याचा की फोनवर तो दर दोन वाक्यांनी "फादर म्हनले" असं म्हणायचा. चाळीस वर्षांत "महादू म्हनला" असं तो कुणाला म्हणाला असेल का, कोण जाणे.

सून म्हणाली, "आण्णा, उन्हाचं कशाला जाता? फोन करा की."

मी म्हणालो, "पेरणीचं फोनवर ठरत न्हाई."

शनिवार

जीप, एसटी, मग दुसरी एसटी. ते लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलेलं आहे. शेवटचे दोन कोस पायी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांनी सांगितलं की लिहू नका, उगाच बघे येतात. आसपास सगळे त्याला पादऱ्याचा मळाच म्हणतात.

लांबून बघितलं आणि खरं सांगतो, पोटात दुखलं. आमच्याकडं ह्या दिवसांत माळ म्हणजे भाजलेली पोळी. इथं कडूलिंबाची दुहेरी रांग, तिच्यामागं काळ्या दगडाचं लांबलचक बैठं घर. निजामाच्या काळात परदेशातून आलेल्या साधूंनी बांधलं म्हणतात. भिंती एवढ्या रुंद की खिडकीत माणूस आडवा झोपेल. आत शिरलो तर माठात हात घातल्यासारखं गार. कौलांखाली सागाचे वासे, एकालाही कीड नाही. मागं पायऱ्यांची विहीर आणि जेठात तिच्यात दोन पुरुष खोल पाणी. माझ्या विहिरीचा तळ होळीलाच दिसतो. मी वाकून बघितलं, खडा टाकून बघितला, आणि पाणी खारं असावं अशी मनात आशा धरून ओंजळभर प्यालो. गोड होतं.

घरामागं जुन्या साधूंच्या समाध्या आहेत. साध्या दगडी, सारख्या उंचीच्या. कोण मोठा, कोण लहान, काही कळू देत नाहीत. आपल्याकडं समाधीवरून भांडणं होतात. हे मात्र मला आवडलं.

फादर म्हणजे कुणी गोरा उंच साहेब असणार अशी माझी समजूत. वाफ्यात एक वाळका म्हातारा बसला होता, डोक्याला टॉवेल, माझ्यापेक्षा काळा. मी विचारलं, "ओ, फादर कुटं भेटतील?"

तो उठला, हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले आणि म्हणाला, "मीच की. तुमी महादूआण्णा ना? गणपतराव रोज तुमचं नाव काढतेत. लई उशीर केलात यायला."

मूळचा केरळचा माणूस. पण चाळीस वर्षं आपल्या भागात काढलेली, बोली आपल्यापेक्षा पक्की. चाळीस वर्षं! माझी आणि गणपतची सावडसुद्धा तेवढीच. तोही आकडा ह्यानं सोडला नाही.

गणपत पौळीवरून उतरून आला. अंगावर मांस चढलेलं. गळ्यात माळ तशीच, कपाळाला बुक्का तसाच. बाटला म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

"आलास?" म्हणाला.

"आलो," म्हणालो.

"हरण्या कसा हाय?"

"खातोय. मालकाची वाट बघून राहिला."

तो मान हलवून परत दगडाकडं गेला. एवढ्या लांबून आलो, आणि मला दगडाएवढीसुद्धा किंमत नाही.

संध्याकाळी घंटा झाली आणि सगळे जेवायला बसले. तेव्हा तिथं शहरांतून आलेले नऊ-दहा जण होते. चांगल्या घरच्या बाया-माणसं. पण कुणी कुणाशी बोलेना. माना खाली. चमच्याचा आवाज झाला तरी दचकतील अशी शांतता. आमटीला फोडणी नाही. भाजी पांढरी. मी मनात म्हणालो, अरे देवा, सुतक आहे. नक्की कुणीतरी गेलं आणि आपण पाहुणे म्हणून येऊन टपकलो.

मी एक भाकरी घेतली. वाढणारी बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. आपल्याकडं हात धरला की वाढणारी म्हणते, असं कसं, एवढ्या लांबून आलात, अर्धी तरी घ्या. मग आपण नाही नाही म्हणत दीड खातो. ही बाई हात बघून पुढं निघून गेली. मी हात काढून घेतला, तिच्याकडं बघितलं. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, दुःखाचं घर आहे, आग्रह कोण करील? गप उठलो.

मग जे रीतीचं ते केलं. फादर बाहेर पायरीवर बसले होते. त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. थोडा वेळ काही बोललो नाही, तसंच करायचं असतं. मग म्हणालो, "लई वाईट झालं, फादर. आपल्या हातात काय हाय? कोन गेलं म्हनायचं?"

फादरनं माझ्याकडं बघितलं. त्यांना समजायला वेळ लागला, पण समजलं. हसले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो.

"हितं कोनी गेलं न्हाई, आण्णा," ते हळू म्हणाले. "ही मंडळी मुद्दाम गप बसायला येतेत. तीन दिस बोलायचं न्हाई, असा नेम हाय. त्याला रिट्रीट म्हनतेत."

"मुद्दाम? भांडण न्हाई, दुःख न्हाई, तरी?"

"तरी."

माझे कान तापले. उठायला लागलो तर ते म्हणाले, "पन बसलात छान. बोललात बी छान. गणपतरावाजवळ असंच बसला असताल, त्यांची बाई गेली तवा?"

"तो घरचा माणूस," मी म्हणालो. "घरच्याला असं म्हनत न्हाईत."

फादरनं नुसती मान हलवली. गप बसायची त्यांना सवयच आहे.

रविवार

सकाळी उपाशी पोटानं स्वयंपाकघरात गेलो. कालची वाढणारी बाई चुलीपाशी होती. पारूबाई नाव, शेजारच्या वाडीची. स्वयंपाकघरात बोलायला बंदी नाही, आणि तिला तर अजिबातच नाही.

"काय बाबा, राती हात का आडवा केला? भूक नव्हती?"

"भूक व्हती. तुमी आग्रह केला न्हाई."

ती एवढी हसली की पीठ सांडलं. "हितं आग्रह न्हाई बाबा! पायजे त्यानं घ्यायचं, नको त्यानं न्हाई म्हनायचं. तुमी न्हाई म्हनलात, मी खरं मानलं. मी नवी व्हते तवा पंधरा दिस अर्धपोटी राहिले. मग लाज सोडली." तिनं दोन भाकरी, ठेचा आणि ताकाची वाटी पुढं ठेवली. "आता मी आग्रह करून राहिले. खावा."

ठेचा शेंगदाण्याचा, लसूण जास्त. आमच्या घरी असा होत नाही. हेही लिहितो, सुनेनं राग मानू नये.

रविवारी त्यांची प्रार्थना असते. आसपासची पाचसात घरं आली. चपला बाहेर काढतात, आपल्यासारखंच. मी व्हरांड्यात बसून ऐकलं. गाणं मराठीत होतं, पेटीवर. मला वाटलं होतं गणपत आत बसेल. तो बसला नाही. तो विहिरीच्या पायरीवर आंघोळ करून सूर्याला पाणी घालत होता. प्रार्थना झाल्यावर फादर झगा उतरवून सरळ त्याच्याकडं गेले आणि दोघं दगड उचलायला लागले.

मी बघत बसलो. फादर दगड चुकीचा बसवत होते. रुंद तोंड बाहेर, शेपूट आत आखूड. असा दगड दोन पावसाळ्यांत बाहेर येतो. गणपत त्यांना म्हणाला, "न्हाई फादर, ह्याचं डोस्कं आत पायजे." फादरनं फिरवला. परत चुकला. गणपत हसला.

तो हसला ना, तेव्हा मी उठलो. शेवंता गेल्यापासून हे हसू मी बघितलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन मी डोकं फोडलं, आणि ते हसू एका दगड फिरवता न येणाऱ्या माणसापाशी ठेवलेलं!

"सरका," मी म्हणालो. फादरच्या हातातला दगड घेतला आणि एका दमात बसवला. हलवून बघितला. हलला नाही. "असा बसवत्यात."

"वा, आण्णा," फादर म्हणाले. मनापासून म्हणाले. त्या कौतुकानं मी अजून जळलो.

दुपारी फादर आत गेले. गणपत आणि मी लिंबाखाली. मी विषय काढला.

"मृग आठ दिसांवर आला. कवा निघायचं?"

तो तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "औंदा माझं रान बटईनं दे कुनाला. हरण्या तुझ्याकडंच राहू दे."

"आन सावड?"

"आता फादरसंग सावड हाय माझी."

मी उडालोच. "सावड? त्याच्याकडं बैल कुटं हाय?"

"बैलाची न्हाई."

"मंग कशाची?"

"मी पौळ लावतो. त्यो सांजच्याला माझ्यासंग बसतो."

"बसतो! बसायला काय कुनी बी बसंल! मी न्हाई का बसलो? रोज येत व्हतो तुझ्या ओट्यावर."

"येत व्हतास," गणपत म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं पडलं असतं. "पन मी तोंड उघडायच्या आत तुझं सुरू. कापूस का सोयाबीन. हरण्याच्या खुराला काय लावायचं. कोनाच्या बांधावरनं कोन गेलं. मला वाटायचं, ह्यो दम खाईल तवा म्या बोलीन. तू दम खाल्लाच न्हाईस, महादू."

"तुझं मन रमावं म्हनून बोलायचो रे."

"आन तिसऱ्या दिशी काय म्हनलास, ध्यानात हाय?"

मला नव्हतं.

"राख सावडून आलो. पाय बी धुतले नव्हते. तू म्हनलास, 'आता चाड्यावर मूठ कोन धरंल?'"

ज्यांनी तिफण बघितली नाही त्यांना सांगतो. बैल पुढं, तिफण मागं, आणि तिफणीच्या लाकडी चाड्यात मुठीनं बी सोडत एक माणूस चालतो. आमच्या दोन्ही रानांत चाळीस वर्षं ती मूठ शेवंताची होती. तिच्या हातून बी कधी दाट पडलं नाही, कधी पातळ पडलं नाही. मी तिसऱ्या दिवशी ते बोललो असेन. बोललोच असेन. माझ्या मनात ती तारीफ होती. पण ऐकणाऱ्याला ती मजूर शोधल्यासारखी लागली.

मी उठून त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीत गेलो. कुणी नव्हतं. बाकावर बसलो. लाकूड माणसांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेलं. किती जण येऊन गप बसून गेले असतील इथं. मला वाटलं, आपणही बसून बघू. पाच मिनिटं झाली असतील, आणि माझ्या डोक्यात शेजाऱ्याचा बांध, सोसायटीचं खत, सुनेचा मिक्सर, सगळं बोलायला लागलं. ऐकायला कुणी नव्हतं तरी मी आतून बोलतच होतो. हे काम सोपं नाही. म्हातारा फादर हे रोज करतो, हे मला आवडलं नाही, पण मान्य करावं लागलं.

सोमवार

सकाळी पिशवी भरली. फादरनं मळ्यातले आंबे दिले. मी नको म्हणालो. म्हणताना पारूबाईची आठवण आली आणि घाईनं म्हणालो, "द्या, द्या." फादर म्हणाले, "परत या, आण्णा. पौळीला तुमचा हात पायजे."

मी म्हणालो, "माझा हात तिफणीला पायजे. तुमी माझा सावडी घेतला."

त्यांनी आंब्यांच्या पिशवीला गाठ मारली. मग म्हणाले, "म्या त्येला धरून ठेवलं न्हाई. जा बी म्हनलं न्हाई. ते म्हनायचं काम माझं न्हाई." आणि आत गेले. ह्या माणसावर रागवायलासुद्धा नीट जागा नाही.

गणपत पौळीवर होता. मी खाली उभा राहिलो. शनिवारी एका अनोळखी माणसापुढं जे वाक्य पटकन आलं, ते आता ओठावर येईना. हातातली पिशवी ह्या हातातून त्या हातात केली. शेवटी म्हणालो, "गणपत, शेवंता गेली. लई वाईट झालं."

त्यानं हातातला दगड खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"व्हय," म्हणाला.

मी अजून काही बोलणार होतो. मूठ आपण दोघं आलटून पालटून धरू, असं मनात तयार होतं. नाही बोललो. उन्हात तसाच उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, पण माझ्या हिशेबानं फार वेळ. पाठीवरून घाम उतरत होता, एक खार पौळीवरून जाऊन परत आली, तरी आम्ही दोघं तिथंच.

मग तो म्हणाला, "वापसा झाला की निरोप दे. येतो."

"बरं."

"आन सांजच्याला येत जा. पन गप येत जा."

परत गावात

आंबे सगळ्यांनी खाल्ले. पारावर मी म्हणालो की आंबट होते. खोटं बोललो.

पाऊस पडून रान पेरणीजोगं झालं, वापसा आला, तसा गणपत आला. बैल मी हाकले, मूठ त्यानं धरली. तिफणीचं पहिलं तास, म्हणजे पहिली ओळ, वाकडं गेलं, बी दाट पडलं. मी मागं वळून काही बोललो नाही. दोन्ही रानं चार दिवसांत उरकली. पंधरा दिवस गावात, पंधरा दिवस मळ्यात, असं त्यानं आता ठरवलं आहे. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, हे त्याला माहीत आहे.

तो गावात असला की दिवस कलल्यावर मी त्याच्या ओट्यावर जातो. तोंडात सुपारी धरतो, म्हणजे तोंड कामात राहतं. पहिले तीन दिवस तर नांगरटीपेक्षा जड गेले. एकदा तो म्हणाला, "फादर बसले की मला संग असल्यागत वाटतं. तू बसलास की एसटीची वाट बघितल्यागत बसतोस." ते मी गिळलं. सुपारीसकट.

पाचव्या दिवशी तो आपण होऊन बोलायला लागला. शेवंताचं. लग्न झाल्या झाल्या घडलेली एक गोष्ट, चाळीस वर्षांत मला माहीत नसलेली. बराच वेळ बोलला. मध्ये रडला, मध्ये हसला. तेच हसू. मी एक शब्द मध्ये घातला नाही.

संपल्यावर मात्र राहवलं नाही. विचारलं, "ह्ये फादरला सांगितलंस?"

"न्हाई," तो म्हणाला. "त्येन्ला शेवंता कुटं म्हाईत हाय."

ती गोष्ट काय होती, ते पारावर कुणी विचारू नका. फादरलाही सांगायची नाही, तुम्हालाही नाही. ती माझी आहे.